हातात दिलेला पाव

डिचोलीत आमच्या वाड्यावर सकाळी भोंगा वाजवत येणारा पोदेर, म्हणजे पाववाला, फारसं बोलत नाही. सायकल गडग्याला टेकवतो, छातीवर क्रुसाची खूण करतो आणि मगच टोपलीवरचं निळं प्लास्टिक बाजूला सारतो. पाव हातातच देतो. पायरीवर ठेवून जा म्हटलेलं त्याला खपत नाही.

त्याची मुलगी स्कूटरवरून येताना खनिजाच्या ट्रकाखाली सापडून गेली. त्या ट्रकाचा ड्रायव्हर, सावंतवाडीकडचा, आमच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहतो. जामिनावर सुटून आल्यापासून तो दार लावूनच असायचा.

पोदेर पुन्हा फेरीला यायला लागला, तेव्हा त्यानं त्या दाराच्या कडीला पावाची पिशवी अडकवली. मग रोजच. पाव तिथंच वाळायचे. न राहवून मी विचारलं, "त्याला कशाला देतोस?"

"ताकाय भूक लागता, बाये." आवाजात माया नव्हती.

परवा ते दार उघडलं. ड्रायव्हर हात जोडून उभा होता. पोदेरानं ते जोडलेले हात सोडवले, त्यांत गरम पाव ठेवला.

"खा. हांव रावतां."

आणि तो खरंच थांबला. ड्रायव्हर रडत एकेक घास गिळत होता आणि पोदेर त्याच्या तोंडाकडे बघत होता. शेवटचा घास उतरल्यावर त्यानं टोपली झाकली, सायकल ढकलत माझ्या दाराशी आणली आणि नेहमीसारखा पाव पुढे केला.

मला हात पुढे करायचा धीर होईना.