डबी न लावणारा गुप्तहेर

म्हैसुरात आजवर जेवढे खासगी गुप्तहेर झाले असतील, त्यांत आमच्या साडूंइतका सभ्य, आणि म्हणूनच इतका बिनकामाचा, दुसरा झाला नसेल. हे मी कौतुकाने लिहितो आहे आणि संतापानेही. कारण गेली तीन वर्षं आमचे समस्त नातेवाईक त्यांना 'घरच्याच पोरीला डबी लावणारा' म्हणतात. डबी म्हणजे गाडी कुठे आहे ते मोबाईलवर दाखवणारं जीपीएसचं यंत्र, काडेपेटीएवढं. ज्या माणसाने जन्मात कुणाच्या गाडीला ते लावलं नाही, त्याला हे नाव! आणि ते ऐकून मान खाली घालून जेवत राहणाऱ्यांत पहिला मी.

साडूंचं ऑफिस देवराज मोहल्ल्यात, एका शिंप्याच्या दुकानावर. कामं बहुतेक लग्नाच्या चौकशीची. पाळतीवर निघताना ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालत, गंध लावत आणि फटफटणाऱ्या मोपेडवर बसत. ज्याच्या मागे जायचं तो बऱ्याचदा त्यांना लांबूनच नमस्कार करी. एकदा हेब्बाळमधल्या कंपनीतल्या एका मुलाच्या मागे असताना मोपेडचं पेट्रोल संपलं. तो मुलगाच परत फिरला आणि यांना मागे बसवून पंपावर घेऊन गेला. साडूंनी अहवालात लिहिलं, 'मुलगा अनोळखी माणसासाठी वाट वाकडी करतो. लग्न जमवावे.' लग्न जमलं. पंगतीत नवरदेवाने यांना ओळखलं आणि आग्रह करकरून होळिगे, म्हणजे पुरणपोळी, वाढली. त्यांचा एक नियम होता. रस्त्यावर मागे जायचं, गेटशी थांबायचं. त्यांच्या कितीतरी अहवालांची शेवटची ओळ एकच असे, 'आत काय झाले ते माहीत नाही. विचारू नये.' अशा माणसाकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येईल कशाला?

एकदा मी तिथे बसलेलो असताना एक सराफ खिशात डबी घेऊनच आला. बायकोच्या गाडीखाली चिकटवून द्या म्हणाला. साडूंनी त्याला कॉफी पाजली.

"गाडी कोणाच्या नावावर?"

"तिच्याच."

"तिला सांगितलंय?"

"सांगून कोण लावतं, स्वामी?"

"मग नाही जमणार. हे बघा, मी मागे गेलो तर बाई वळून मला बघू शकतात. शिवी देऊ शकतात, चप्पल काढू शकतात. या डबीला त्या चप्पल कशी दाखवणार? अल्वा, खरं की नाही?"

सराफ म्हणाला, तुम्हा लोकांसाठी कायदाच नाही, मग भीती कसली? यावर साडू जे भडकले! खासगी हेरांसाठी वेगळा कायदा नाही हे खरं, पण खासगीपणा हा प्रत्येकाचा हक्क आहे, असं देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय. "कायद्यात माझ्यासाठी ओळ नाही म्हणजे मला मोकळं रान दिलं असं नाही!" सराफाने कॉफी अर्धी टाकली आणि गेला.

आता माझं. माझी मुलगी हेब्बाळलाच नोकरी करते. सव्वीस वर्षांची, स्वतःची स्कूटर. तिचं येणंजाणं अनियमित झालं तसा मी साडूंकडे गेलो. म्हणाले, "अण्णा, पोरगी सज्ञान आहे. तिलाच विचारा की." मला त्या उत्तराचा अपमान वाटला. मी मोबाईलवर डबी मागवली. दोन दिवसांत घरपोच! कशाला हवी, कोणाच्या गाडीला, एका शब्दाने कुणी विचारलं नाही. खोक्यावर हसरं कुटुंब छापलेलं होतं. ती मी तिच्या सीटखाली लावली. मी, चाळीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेल्या माणसाने!

एका रविवारी ती ऑफिसात जाते म्हणून गेली आणि मोबाईलवरचा ठिपका तलकाडला, कावेरीकाठच्या वाळूत बुडालेल्या देवळांपाशी, जाऊन थांबला. दोन तास मी तो बघत बसलो. मग राहवेना, फोन केला आणि ओरडलो, "वाळूत काय करतेस?"

पलीकडून ती म्हणाली, "अप्पा, तुम्हाला कसं कळलं?"

मी साडूंवर ढकललं, "काका म्हणाले."

हे दोन शब्द माझे आहेत. आज लिहून देतो.

ती मैत्रिणींबरोबर देवळं बघायला गेली होती, बस्स. घरी सांगितलं असतं तर मी शंभर प्रश्न विचारले असते, म्हणून खोटं बोलली. दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडून तिने डबी शोधून काढली आणि तडक साडूंचं ऑफिस गाठलं. मी मागोमाग धापा टाकत जिना चढलो.

"काका, का केलंत हे?"

साडूंनी डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझं तोंड उघडलेलं होतं. ते म्हणाले, "सुम्ने."

आमच्या मराठीत हा कन्नड शब्द दोन कामं करतो. एक म्हणजे उगाच, आणि दुसरं म्हणजे गप्प. मुलीने पहिला अर्थ घेतला. "उगाच? उगाच म्हणता?" तिने डबी टेबलावर आपटली आणि निघून गेली. दुसरा अर्थ माझ्यासाठी होता, आणि मी तो निमूटपणे पाळला. जिन्यात ते मला म्हणाले, "मत्ते? दुसरं काय करायचं? काका नसला तरी पोरीचं चालतं, अण्णा. बापाबरोबर तिला एका घरात राहायचंय."

बातमी नात्यात पसरली. साडूंकडे येणाऱ्या लग्नाच्या चौकश्या बंद झाल्या, ऑफिसची पाटी उतरली. सणावाराला मेहुणी एकटी येते. आमच्यातले शहाणे म्हणतात, हेरच तो, दुसरं काय करणार? डबी कोणी विकत घेतली, हे एकालाही विचारावंसं वाटलं नाही! आणि माझी चीड त्यांच्यावर कितीही काढली तरी माझ्यापाशीच येऊन थांबते.

गेल्या रविवारी मुलीला सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "तीन वर्षं, अप्पा?" आणि किल्ली घेऊन बाहेर पडली. चार तासांनी परतली. डोळे लाल होते, पण चेहरा मोकळा होता. कुठे गेली होतीस, काका काय म्हणाले, माझ्याविषयी काही बोलले का, सगळं ओठांवर आलं. तिने स्कूटर लावली आणि माझ्याकडे न बघता आत गेली. मी काही विचारलं नाही.