पाच नंबरचे बूट

खांद्यांकडे एक नजर टाकली की माणसाला कोणत्या नंबरचा कोट बसेल हे तो सांगायचा. बेचाळीस म्हणाला की बेचाळीसच. जहाजावरच्या मोठ्या हॉलच्या दारात तो वीस वर्षं उभा होता, आणि दाराशेजारच्या कपाटात चौदा निळे कोट टांगलेले असत, अडतीसपासून बावन्नपर्यंत. कुणी प्रवासी कोटाशिवाय जेवायला आला की त्याच्या अंगावर तो त्यातला एक चढवायचा, खांद्यावरची सुरकुती हाताने सारखी करायचा आणि मगच आत सोडायचा. सगळं जहाज त्याला कोटसाहेब म्हणायचं. आईबापांनी ठेवलेलं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं.

नियम सोपा होता. सात दिवसांच्या सफरीत दोन संध्याकाळी कोटाच्या. त्या दिवशी मोठ्या हॉलमध्ये पुरुषांना कोट, बायकांना साजेसा पोशाख आणि सगळ्यांना बंद बूट. ज्याला हे नको त्याने वरच्या डेकवर बुफेला जावं, ताट घेऊन रांगेत उभं राहावं आणि हवं ते खावं. एवढीशी गोष्ट, पण तिच्यावरून चांगली शिकलीसवरलेली माणसं हातघाईवर यायची. एक पक्ष म्हणायचा, आम्ही सुट्टीवर आलोय, शाळेत नाही. दुसरा म्हणायचा, तासभर आरशासमोर घालवून आम्ही इथे येतो ते काय समोरच्या टेबलावरच्या केसाळ पिंढऱ्या बघायला? एकाने बनियनवर टाय बांधला आणि टाय आहे ना, मग वाद कसला, असं विचारलं. दोघा भावांनी मिळून एकच कोट आणला होता. थोरला आत जाऊन बसला आणि वेटरच्या हाती कोट धाकट्याला बाहेर पाठवू लागला. एक बाई वर्षाला तीन सफरी करायच्या आणि कुठल्या संध्याकाळी कोण काय घालून आलं ते वहीत लिहून शेवटच्या दिवशी हॉल मॅनेजरच्या हाती द्यायच्या. त्यांना सगळे तक्रारबाई म्हणत, अर्थात त्यांच्या पाठीमागे.

कोटसाहेब कुणाशी वाद घालायचा नाही. तो एकच वाक्य बोलायचा, मऊ आवाजात, आणि त्या वाक्याला फट म्हणून नसायची. त्याचा त्या नियमावर मनापासून विश्वास होता, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. एका खोलीत वाढलेला तो पोरगा. लहानपणी ज्या ज्या दारात उभा राहिला तिथे त्याला विचारलं गेलं, तू कुणाचा, राहतोस कुठे, बाप काय करतो. आणि हे दार फक्त कोट विचारत होतं. नसला तर कपाटातून काढून देतही होतं. एकदा तो अंगावर चढला की बँकेचा मालक आणि वर्षभर पोटाला चिमटा काढून आलेला शाळामास्तर शेजारी शेजारी सूप पितात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. यापेक्षा न्यायी दार त्याला माहीत नव्हतं, बिचाऱ्याला.

त्याला एक बहीण होती, आठ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. पुढे त्याची आई तीच झाली. ताई एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. एकतीस वर्षं, रोज उभ्याने. तो जहाजाच्या नोकरीसाठी मुलाखतीला गेला तेव्हाचा शर्टही तिनेच इस्त्री केलेला, इतका कडक की कागदासारखा वाजायचा. दोघांचीही लग्नं राहून गेली. तो वर्षातून दीड महिना घरी यायचा, आणि त्या दीड महिन्यात ती त्याच्याकडून हॉलच्या गोष्टी ऐकायची. झुंबराला किती दिवे, नॅपकिनच्या घड्या कशा, सूपचा चमचा कुठल्या हाताला. पुन्हा पुन्हा तेच विचारायची आणि तोही न कंटाळता सांगायचा.

वीस वर्षं झाली की कंपनी घरच्या एका माणसाला एक सफर देत असे. त्याने ताईचं नाव दिलं. नोकरांना प्रवाशांबरोबर जेवायला बसता येत नव्हतं, पण त्याने सगळं आखून ठेवलं. खांबाजवळचं सात नंबरचं छोटं टेबल, जिथून दार दिसतं. फोनवर त्याने तिला सांगितलं, "तू फक्त ये. खुर्ची मी स्वतः ओढून देईन."

"मला कुठली खुर्ची ओढतोस," ती म्हणाली. पण फोन ठेवल्यावर तिने ही गोष्ट अख्ख्या आळीला सांगितली.

तिच्याकडे एक चांगला पोशाख होता. बूट नसणार हे त्याला ठाऊक होतं, म्हणून एका बंदरावर उतरून त्याने काळे, मऊ कातड्याचे बूट घेतले. नंबर त्याला पाठ होता. शाळेत असताना दर रविवारी तिचे बूट तोच पुसायचा. आत खोल पाच आकडा छापलेला असायचा. कोटाची पहिली संध्याकाळ होती त्या दिवशी दुपारीच त्याने बुटांचा डबा तिच्या केबिनमधल्या पलंगावर ठेवला. ती डेकवर होती. मुद्दामच सांगितलं नाही. तिला गंमत वाटावी म्हणून.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. परक्या माणसाचा कोट नजरेने मापणाऱ्याला सख्ख्या बहिणीच्या पायांचं माप माहीत नव्हतं. एकतीस वर्षं उभं राहून ते पाय सुजून पसरले होते. गेली आठ वर्षं तिच्या पायात रबरी चपलेशिवाय काही चढत नव्हतं. घरी ती इस्त्रीच्या टेबलामागे असायची, नाहीतर पायावर पांघरूण घेऊन बसलेली. त्याने कधी पाहिलंच नाही. तिनेही कधी दाखवलं नाही, हेही खरं. पण बघायचं काम कुणाचं होतं?

संध्याकाळी हॉलच्या दाराशी रांग लागली. तो टाचा जुळवून उभा होता. रांगेत त्याला ताई दिसली; पोशाख नीट, केस नीट, पाठ ताठ. खांद्यांवरून नजर खाली गेली आणि पोशाखाच्या काठाखाली चप्पल दिसली. निळ्या पट्ट्यांची, धुऊन पुसून स्वच्छ केलेली. बूट तिने हातात धरून आणले होते, आपण प्रयत्न केला याचा पुरावा म्हणून. तिच्या बरोबर मागे तक्रारबाई उभ्या होत्या.

"नाही चढत रे," ती हळूच म्हणाली. "पावडर लावली, साबण लावला. अर्धा तास झटले."

हॉल मॅनेजर आत दहा पावलांवर उभा होता. दहा पावलं चालून जायचं आणि म्हणायचं, साहेब, माझी बहीण आहे, पाय सुजलेत, टेबलक्लॉथखाली कुणाला दिसणार नाही. एवढंच करायचं होतं. कदाचित मॅनेजर नाही म्हणाला असता. पण वीस वर्षांत त्याने कुणासाठी सूट मागितली नव्हती, ही त्याची ऐट होती. दोन वेटर बघत होते. उद्या तेच म्हणतील, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. तक्रारबाईंनी पर्समधून वही अर्धी बाहेर काढली होती. कपाटात चौदा कोट होते, बूट एकही नव्हता. आणि मग त्याच्या तोंडून ते वाक्य निघालं, मऊ आवाजात, जसं रोज निघायचं तसं.

"क्षमा करा, आज संध्याकाळी बंद बुटांशिवाय आत प्रवेश नाही. वरच्या डेकवर बुफे सुरू आहे, आपण तिथे जेवू शकता."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मुलाखतीला निघालेल्या भावाची कॉलर सारखी करताना पाहिलं होतं, तसंच तिने पाहिलं. "बरं," ती म्हणाली. "तू कर तुझं काम." आणि रांगेतून बाजूला होऊन, बूट छातीशी धरून, जिन्याकडे गेली. जिना चढताना चपलेचा होणारा आवाज त्याला बराच वेळ ऐकू येत राहिला.

"नियम म्हणजे नियम," तक्रारबाई आत शिरता शिरता कौतुकाने म्हणाल्या.

पाच मिनिटं झाली असतील. जहाजावरच्या सगळ्यात मोठ्या, महागड्या केबिनमधला प्रवासी आला. कोट नाही, अर्धी पँट, पायात चप्पल. कोटसाहेबाने तोंड उघडायच्या आत मॅनेजर लगबगीने पुढे आला, पाहुण्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला आत घेतलं आणि म्हणाला, "साहेबांना सात नंबर द्या. ते रिकामं आहे."

कोटसाहेबाची नजर पाहुण्याच्या पायांवर खिळली होती. ताईची चप्पल परवडली, इतकी पाहुण्याची मळकी होती. मॅनेजर त्याच्या कानाशी आला. "खाली बघू नकोस."

बळी तो कान पिळी, हे सगळ्या जगाला माहीत असतं. वीस वर्षं त्या दारात उभं राहून त्यालाच तेवढं माहीत नव्हतं. तो खांबाजवळच्या टेबलापर्यंत गेला आणि त्याने खुर्ची ओढून दिली. नॅपकिन झटकून पाहुण्याच्या मांडीवर पसरला. पलीकडच्या टेबलावर तक्रारबाई मान खाली घालून सूप पीत होत्या. वही पर्समध्ये होती.

दुसऱ्या दिवशी ताई डेकवर भेटली तेव्हा त्याने माफी मागायचा प्रयत्न केला. "वरचं जेवण छान होतं," ती म्हणाली आणि समुद्राकडे बोट दाखवून पाण्याचा रंग कसा बदलतो ते विचारू लागली. कोटाच्या दुसऱ्या संध्याकाळी ती हॉलकडे फिरकलीच नाही. सफर संपली तेव्हा बुटांचा डबा तिने बरोबर नेला. आत पाच नंबरचे बूट, कागदात गुंडाळलेले.

आठ महिन्यांनी नोकरांच्या फळ्यावर दोन ओळींची सूचना लागली. प्रवाशांच्या सोयीसाठी पोशाखाचे सर्व नियम रद्द करण्यात येत आहेत. दोन ओळी, बस्स. चौदा कोट खोक्यात घालून किनाऱ्यावर पाठवले गेले. दारात आता माणसाचं काम उरलं नव्हतं, म्हणून कोटसाहेबाला वरच्या डेकवर नेमलं. बुफेतली उष्टी ताटं उचलायची आणि टेबलं पुसायची. नाव मात्र चिकटून राहिलं. नवी पोरं त्याला कोटसाहेब म्हणायची आणि हसायची.

मग तो सुट्टीवर घरी आला. खोलीत शिरल्या शिरल्या त्याचं लक्ष काचेच्या कपाटाकडे गेलं. वरच्या कप्प्यात, चांगल्या कपबशांशेजारी, ते काळे बूट मांडून ठेवलेले. संध्याकाळी शेजारीण आली आणि बसल्या बसल्या त्याचं तोंडभर कौतुक करू लागली. बहिणीला केवढा मान दिलात हो. साऱ्या हॉलसमोर खुर्ची ओढून दिलीत म्हणे, मांडीवर नॅपकिन पसरलात म्हणे. असा भाऊ मिळायला भाग्य लागतं.

त्याने ताईकडे पाहिलं. ती इस्त्री करत होती. हात न थांबवता ती शेजारणीला सांगू लागली, झुंबर केवढं, दिवे किती, सूपचा चमचा कुठल्या हाताला. सगळं बिनचूक. त्यानेच तर वीस वर्षं सांगितलं होतं. "हेच बूट घालून गेले होते मी," ती म्हणाली आणि मग त्याला विचारलं, "हो ना रे?"

शेजारणीने एक बूट उचलून बघायला हातात घेतला. त्याचा तळ कोरा होता आणि दुकानाची चिकटपट्टी जशीच्या तशी होती. ती शेजारणीने पाहिली की नाही, देव जाणे. त्याने पाहिली.

"हो," तो म्हणाला.

शेजारीण गेली. इतके महिने त्याने मनात जुळवलेली वाक्यं होती. त्यातलं एकही आठवेना. शेवटी त्याने सांगितलं की तो नियम आता काढून टाकलाय. आता कुणीही चपला घालून हॉलमध्ये जातं. कुणी काही म्हणत नाही.

ताईचा हात थांबला. "मग तुझी नोकरी?" तिने घाबरून विचारलं.

"आहे. वरती बुफेला असतो. टेबलं पुसतो."

तिने इस्त्री उभी करून ठेवली. शर्टाची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली.

"जिन्याशेजारी कोपऱ्यात एक टेबल आहे," ती म्हणाली. "तेवढं नीट पुसत जा. त्या दिवशी फार चिकट होतं."