आक्काची दुरडी

त्या दिशी घरात कोन कोन हुतं ते आदी सांगते. माझे थोरले दीर, म्या त्यांना भावजी म्हनते. त्यांचा ल्योक, पुण्याहून आलेला. त्याची बायको. त्यांची बारकी लेक. आन् म्या. माझी थोरली जाऊ, आक्का, तिला दुपारीच नेलं हुतं, तरी सांजंपातूर म्या तिला धरूनच मानसं मोजत हुते.

आमी परंड्यात ऱ्हातो, किल्ल्याच्या मागल्या अंगाला. माझं माहेर सोनारी. शाळा तिसरीपातूर झाली, तवा बोलल्यावानीच सांगते.

गावात कुनी गेलं की त्या घरी चूल पेटवत न्हाईत. आता गॅस हाय, तर तो बी पेटवत न्हाईत. शेजारचे भाकरी आन् बेसन घिऊन जात्यात. हे समदीकडंच हाय. आक्कानं त्याला वळन लावलं.

ते लावलं माझ्यापायी. माझे मालक ट्रॅक्टरखाली सापडून गेले तवा माझी लेकरं लहान हुती. पैल्या दिशी अख्ख्या आळीनं भाकरी आनल्या. इतक्या, की वाळून कडक झाल्या, म्हशीला घातल्या. दुसऱ्या दिशी कुनीच आलं न्हाय. ज्याला त्याला वाटलं, काल लई झालं, आज दुसरं कुनी दील. लेकरं भिताडाला टेकून बसली. धाकट्यानं म्हशीच्या गव्हानीतला भाकरीचा तुकडा उचलला. आक्कानं ते बगितलं. तुकडा त्याच्या हातातनं काढला आन् आपल्या पदरात बांधला.

तवापासनं कुनाची बी मयत झाली की ती दुरडी घिऊन आळीत निगायची. "तुमच्या आज दोन भाकरी. तुमचं बेसन. तुमी ऱ्हाऊ द्या, तुमी उद्या." कुनाच्या घरात बसायची न्हाय, चहा घ्यायची न्हाय. मोहल्ल्यात मयत झाली तरी जायची. सरकारी दवाखान्यात परगावचं मानूस अडकून पडलं तरी जायची. कोरोनात मयताच्या घराकडं कुनी वळून बगत नव्हतं, तवा ओट्यावर दुरडी ठिवून लांब जाऊन हाक मारायची, "जेवून घ्या रं बाबांनो, म्या हितंच उबी हाय." आन् त्यांचं जेवान हुईस्तवर उनात उबी ऱ्हायची.

भावजी चिडवायचे, "गावाला ताजी, आन् आमाला सकाळची."

आक्का म्हनायची, "तुमी मरा, मंग तुमाला बी ताजी आनते."

पर गेली तीच आदी. ज्वारी निवडता निवडता, बसल्या जागी. सूप मांडीवरच हुतं.

गाव लोटलं. मातीवरनं आल्यावर समद्यांनी कडूनिंबाचा पाला चावला, चूळ भरली, आन् आपापल्या घरी गेले. दिवस कलला. भाकरी घिऊन कुनीच येईना.

भावजींनी सकाळी गडबडीत साखरेच्या दुखन्याची गोळी घेतली हुती आन् पोटात काय न्हाय. त्यांच्या कपाळाला घाम यायला, हात थरथरायला लागले. सुनंनं गुळाचा खडा दिला, तेवड्यानं जरा बरं वाटलं. पर डाक्टरनं बजावलेलं, गोळी घेतली की जेवान पायजेच.

ल्योक म्हनला, "आबा, हाटेलातनं मागवू?"

"नगं. तिनं कुनाच्या मयताला हाटेलाचं घातलं न्हाय."

"मग आळीच्या ग्रुपवर टाकू? समद्यांनी हात जोडलेले टाकलेत तिथं."

"भाकरी काय मोबाइलवर मागायची असती व्हय?"

बारकी म्हनली, "आबा, मला पन भूक लागायलीय."

भावजींनी तिला जवळ वढलं. खुटीला आक्काची दुरडी टांगलेली, तिकडं बगत म्हनले, "ताजी आनते म्हनली हुती मला."

म्या म्हनलं, "भावजी, सांगाया जानारीच न्हाय, तर कोन येईल?"

सुतकातलं मानूस दुसऱ्याच्या दारी जात न्हाय. म्या दुरडी काढली आन् गेले. शेजारच्या दाराफुडं, पायरीच्या खाली उबी ऱ्हायले. तितली सून भाईर आली. माझ्याकडं न बगता आदी दुरडीकडं बगितलं तिनं, आन् दारातच बसली.

"मावशी, दुपारीच करून ठिवल्यात. दुरडीची वाट बगायलो."

"मग आनायच्या की ग."

"आज आमची पाळी हाय का उद्या, कुनी सांगितलंच न्हाय."

"कोन सांगनार?"

"व्हय की," म्हनली, आन् पदर तोंडाला लावला.

भाकरी फडक्यात बांधलेल्या, बेसन डब्यात झाकलेलं. फुडल्या दारी बी तसंच. त्याच्या फुडल्या बी. समद्यांनी करून ठिवलेलं, आन् समदे दुरडीची वाट बगत बसलेले. दुरडी घिऊन येनारीलाच खांद्यावरनं नेलंय, हे कुनाच्या ध्यानातच आलं न्हाय. कोपऱ्यावरची म्हातारी आक्काच्या बराबरीची. ती माझ्यावरच वराडली, "मेलीनं सवय लावून ठिवली आमाला. आता आमी काय करावं?" आन् रडत रडत दुरडीत भाकरी टाकल्या.

दुरडी भरली. बाकीच्या बाया डबे घिऊन माझ्या मागनं चालत आल्या.

भावजींच्या ताटात म्या भाकरी ठिवली. त्यांनी घास मोडला, बेसनात बुडवला, लई येळ तोंडात तसाच धरला. मग म्हनले, "ताजी हाय." आन् जेवले. बारकी त्यांच्याच ताटात जेवली.

आता दुरडी माझ्याकडं हाय. गुडगं दुखत्यात, पर आळीतनं फिरून येते. माझ्यामागं ती कोन घील, ठावं न्हाय.

म्हनून वाचनाऱ्याला एकच मागनं हाय. तुमच्या शेजारी कुनी गेलं तर सांगावा यायची वाट बगू नगा. दोन भाकरी फडक्यात बांधा आन् जावा. जास्त झाल्या तर हू द्या, म्हस खाईल. आन् दुसऱ्या दिशी बी जावा.