आबांची शीळ आणि वेल्डिंगमधली भोकं

आमच्या कोरेगावच्या शेडमधलं भूत कुणालाही झपाटत नसे; ते फक्त वेल्डिंगमध्ये भोकं पाडायचं.

थोरला भाऊ दत्तादादा उसाच्या ट्रॉलीचा दांडा जोडत होता. साखर कारखाना चार दिवसांत सुरू होणार होता. जोड रस्त्यात सुटला तर भरलेली ट्रॉली मागच्या माणसावर जाणार, म्हणून भोकांचा माल तो बाहेर सोडेना.

आबा, म्हणजे आमचे वडील, वर्षापूर्वी वारले. ते जन्मभर जुन्या पद्धतीनं, काडीनं वेल्डिंग करत आणि काम बिघडलं की मागच्या दारात बसून शीळ घालत. दादानं त्यांच्यामागे वायरची मशीन आणली. तिच्यात तापलेला जोड गॅसनं झाकून ठेवावा लागतो.

चार वाजता मागच्या दाराकडून शीळ आली. बारीक, लांबलेली. दादानं जोडावरचा पापुद्रा ठोकून काढला. खाली टाचणीनं टोचल्यासारखी भोकं!

"आबास्नी ही मशीन पसंत न्हाई रं," दादा हळूच म्हणाला.

त्यानं गंज घासला. कोरडी वायर लावली. सिलेंडर बदलला. परत शीळ, परत भोकं! वहिनीनं आबांच्या जागी चहा ठेवला. थोड्या वेळानं कप रिकामा! दादाच्या हातातला हातोडा गळाला. (चहा मी प्यायलो होतो. ते सांगण्याची वेळ निघून गेली होती.)

मी सांगलीत बातमीदार. भुतावर विश्वास नाही, म्हणून अचूक नोंदी ठेवल्या. '४.१०. शीळ. दार उघडून पाहिले. कोणी नाही. अंगावर गार झुळूक. भोकं.' '४.३५. शीळ. दार उघडून पाहिले. कोणी नाही. झुळूक. भोकं.' तिसऱ्या नोंदीचं अक्षर मलाच लागेना.

वहिनीनं वही ओढून घेतली.

"भाऊजी, दर बारीला दार कोण उघडतंय?"

"मी. कोण आहे ते बघायला."

"आवं, फटीतनं वारं शीळ घालतंय अन् तुमी त्येला दार उघडून आत घेताय! गॅस उडून चाललाय सगळा!"

दादानं दार लावलं, फटीत गोणपाट कोंबलं. शीळ थांबली. जोड पुन्हा भरला. एकही भोक नाही!

"म्हंजी आबा आलंच न्हवतं," दादा म्हणाला. सुटकेच्या मानानं आवाज जरा पडलाच होता.

शेडला लागलेली बाधा काढायची म्हणून वहिनीनं मीठ-मोहऱ्या आणल्या. आणि सात वेळा माझ्यावरून उतरवल्या!