टिटवीचं डबकं

माधवराव देगलूरच्या एका शाळेत इतिहास शिकवत. इतिहासातल्या बहुतेक माणसांप्रमाणे त्यांनाही आपण आहोत त्याहून मोठे दिसायला एक वस्तू लागली. ती म्हणजे ब्रिज कॅमेरा. अंगाने लग्नातल्या फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यासारखा थोराड, पण लेन्स कायमची चिकटलेली. बटण दाबलं की नळकांडं घरघरत पुढे येई आणि पार टेकडीवरची शेळी पाला चघळताना दिसे. स्टुडिओवाला हरिओम रस्त्यात भेटला की विचारी, "सर, लेन्स निघाली का?" जणू ती दुखरी दाढच होती.

त्यांचं घर गावाबाहेरच्या माळावर, माणिकप्पाच्या प्लॉटिंगमध्ये होतं. माणिकप्पाने वेशीवर बोर्ड लावला होता : चोवीस तास पाणी. हे खोटं नव्हतं. पाणी चोवीस तास होतंच. फक्त ते नळाला न येता मोकळ्या प्लॉटांजवळच्या व्हॉल्व्हमधून गळत होतं. त्याचं तिथे छानसं डबकं झालं होतं आणि घरातल्या नळांना दोऱ्याएवढी धार उरली होती.

डबक्यापासून थोड्या अंतरावर, उघड्या मुरमात टिटवीने अंडी घातली होती. ऊन चढलं की ती डबक्यात बसायची, पोटाची पिसं चिंब भिजवायची आणि तुरुतुरु चालत जाऊन अंड्यांवर बसायची. माधवरावांनी हे गच्चीवरून पाहिलं, घाईघाईने बटण दाबलं, आणि फोटोत एक करडा डाग आला. तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचेना. भिजल्या पोटाची टिटवी, पिसांतून गळणारा थेंब, खाली अंडी. एवढी आस त्यांनी आपल्या मूळ गावाजवळच्या बदलीचीही धरली नव्हती.

उन्हाळ्याची सुट्टी होती. ते छत्री लावून डबक्यापाशी बसू लागले. एक दिवस मोटारसायकलवरून माणिकप्पा आला.

"सर, काय करायलाव?"

"फोटो."

"कशाचा?"

माधवरावांनी कॅमेऱ्यावरचा डोळा न काढता बोट दाखवलं. बोटापुढे टिटवी होती, टिटवीमागे गळका व्हॉल्व्ह, आणि त्याच्याही मागे तो बोर्ड. माणिकप्पाला टिटवी दिसली नाही.

"पेपरात द्यायलाव का?"

इथे नाही म्हटलं असतं तर गोष्ट संपली असती. पण माधवरावांना कित्येक वर्षांत कुणी घाबरलं नव्हतं, सातवीचा वर्गसुद्धा नाही.

"बघू," ते म्हणाले.

"बघू नका सर. उद्याच माणसं लावतो, नवा व्हॉल्व्ह बसवतो. आपण घरचेच हाव."

संध्याकाळी शेजारच्या अंबिकाबाई वाटीभर शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या. "सर, तुमच्यामुळं पाणी येणार म्हणे." माधवरावांच्या पत्नी सौदामिनीबाईंनी बऱ्याच दिवसांनी नवऱ्याकडे नीट पाहिलं.

चटणी मात्र माधवरावांच्या घशाखाली उतरेना. व्हॉल्व्ह बसला की डबकं आटणार, आणि फोटो गेला. अंडीही उन्हात शिजणार. अंड्यांचा विचार त्यांना नंतर आला. पण हाव नागडी बरी दिसत नाही, म्हणून त्यांनी तो पुढे केला.

सकाळी चहाही न घेता ते माणिकप्पाच्या घरी गेले. "मी पेपरचा माणूस नाही. पक्ष्यांचे फोटो काढतो. तुम्ही घाई करू नका."

माणिकप्पाने कॅमेरा वरखाली न्याहाळला. "म्हंजे नुसत्या टिटवीसाठी?"

"हो."

"मग राहू द्या की डबकं. पाखरू बी देवाचंच लेकरू हाय." आणि त्या भूतदयेच्या भरात त्याने आलेली माणसं दुसऱ्या कामावर पाठवून दिली. वर, जो विचारेल त्याला सांगितलं की सरच नको म्हणाले.

दुपारी दारात बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या राहिल्या.

"टिटवीला पाणी पायजे, हाव ना सर?" अंबिकाबाई म्हणाल्या. "आमी अंड्यावर बसत न्हाई म्हणून आमाला तहान न्हाई का?"

माधवरावांनी मदतीसाठी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

"चटणीची वाटी धुऊन परत द्या त्यांची," आतून सौदामिनीबाई म्हणाल्या. "पाणी असेल तर." मग त्या पदर खोचत बाहेर आल्या. "कॅमेरा घ्या अन् चला." मागोमाग घागरीही निघाल्या.

बोर्डाखाली माणिकप्पा एका गिऱ्हाइकाला प्लॉट दाखवत होता. सौदामिनीबाई नवऱ्याच्या कानाशी पुटपुटल्या, "तोंडातून शब्द काढायचा नाही. फक्त नळकांडं बाहेर काढा."

नळकांडं घरघरत माणिकप्पाच्या रोखाने निघालं.

"सर, तुमी तर पाखरांचे फोटो..."

"पाखरांचे झाले," सौदामिनीबाई म्हणाल्या. "आज तुमची पाळी."

गिऱ्हाइकाने बोर्ड वाचला, मग घागरी पाहिल्या, आणि ते आपली गाडी कुठे लावली ते शोधू लागलं. संध्याकाळपर्यंत नवा व्हॉल्व्ह बसला होता.

डबकं आटलं. रात्री माधवराव जेवले नाहीत. सौदामिनीबाईंनी त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि निकाल दिला : नळाला पाणी आहे, घरात बादली आहे, तुम्हाला हात आहेत.

दुसऱ्या दिवसापासून ऊन चढलं की माधवराव डबक्याच्या कोरड्या खड्ड्यात पाणी ओतायला जाऊ लागले. टिटवीला हे उपकार मान्य नव्हते. ती ओरडत त्यांच्या डोक्यावर सूर मारी, म्हणून ते हेल्मेट घालून जात. एका हातात बादली, दुसरा हेल्मेटवर. कॅमेरा धरायला तिसरा हात नव्हता. तो गच्चीवर सौदामिनीबाईंकडे आला.

"कोणतं बटण?"

"मोठं. हलवू नका."

त्यांनी कठड्यावर उशी ठेवली, उशीवर कॅमेरा ठेवला आणि कुरडया राखत बसल्या.

घामाघूम माधवराव वर आले तेव्हा फोटो निघालेला होता. चिंब पोटाची टिटवी अंड्यांवर टेकत होती. एक थेंब पिसातून सुटला होता आणि अजून खाली पोचला नव्हता. माधवरावांनी तो मोठा करून पाहिला, लहान करून पाहिला. हात हललेला नव्हता. ते बराच वेळ काहीतरी शोधत राहिले.

"कडेला माझं हेल्मेट आलंय," शेवटी ते म्हणाले.

"दिसलं मला," कुरडई उलटत सौदामिनीबाई म्हणाल्या. "उद्या जरा लांब उभे राहा."