सुरक्षा समितीचा चहा

किस्से जमवायला कुठे फिरावं लागत नाही. एखाद्या समितीत नाव जाऊ द्या, बैठकीगणिक एक तरी पदरात पडतोच. केनवडजवळच्या आमच्या गावात शाळेची विद्यार्थी सुरक्षा समिती आहे. तिच्यात मुख्याध्यापक, सरपंचबाई, अंगणवाडीच्या ताई आणि मी. माझं शिक्षण चौथीपर्यंत. मला कशाला घेतलं, असं विचारलं तर सर म्हणाले, "आबाजी, तुमाले पाहून पोट्टे चिडीचूप होतात!"

मुलांनी भिऊ नये म्हणून समिती, आणि तिच्यात मी!

*

पहिल्या बैठकीत सरांनी नियम वाचला. कोणत्याही मुलाला टोपणनावाने चिडवायचं नाही. दिसण्यावरून, बोलण्यावरून, जातीवरून तर अजिबात नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. सरांनी कागद खाली ठेवला आणि दाराकडे पाहून ओरडले, "अरे, त्या भोंग्याले सांगा, चहा आण म्हणा!"

भोंग्या म्हणजे शाळेचा शिपाई. आवाज मोठा आहे त्याचा. तो चहा घेऊन आला. मीही म्हणालो, "भोंग्या, साखर कमी टाकत जा." नियम मोडला की नाही, मला अजून कळलेलं नाही.

*

मग तक्रारपेटी आली. बाहेर लावली तर चोरीला जाईल, म्हणून सरांच्या खुर्चीमागे टांगली. एक दिवस पाचवीतलं पोरगं चिठ्ठी घेऊन दारात उभं राहिलं.

"सर, आत येऊ?"

"काय आहे?"

"तक्रार टाकाची आहे."

"टाक ना! बिनधास्त टाक! आण, आधी मले दाखव."

पोरगं चिठ्ठी तोंडात घालून पळालं!

*

पौर्णिमा सातवीत. बोलताना अडखळते. ती वाचायला उठली की ओम नावाचा मुलगा तिची नक्कल करायचा आणि वर्ग हसायचा. तिने शाळेत यायचं सोडलं. तिची आई शीला येऊन म्हणाली, "नाव काढून टाका. सोयाबीनच्या सोंगणीले नेईन मी तिले."

समितीने दोन्ही मुलांना बोलावलं. ओम सरपंचबाईंचा भाचा. धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची, भांडणं मी आयुष्यभर मिटवली आहेत. दोन्ही शेतकरी समोर बसवायचे, हा थोडा मागे, तो थोडा मागे, वर चहा. तसंच केलं. ओम म्हणाला, "चुकलं." मग मी पौर्णिमेला म्हणालो, "आता तू म्हण."

अंगणवाडीच्या ताई दचकल्या. "तिचं काय चुकलं, आबाजी?"

"दोघायनंबी मागं सरावं लागते."

पौर्णिमा म्हणाली, "चु... चु..." आम्ही थांबलो. बराच वेळ थांबलो. शेवटी सरपंचबाई म्हणाल्या, "चुकलं म्हणते ते! चहा थंडा होऊन राह्यला!"

मिटलं. दुसऱ्या दिवशी ओम शाळेत आला, पौर्णिमा नाही. मला उलगडा होईना. धुरा मिटला की दोघंही वावरात येतात.

*

तालुक्याहून पोलीस मॅडम मुलांच्या सुरक्षेच्या कायद्याची माहिती द्यायला आल्या. मी त्यांना सरळ विचारलं, आमचं चुकलं कुठे?

"आबाजी, एक जण रोज त्रास देतो, दुसरा रोज सोसतो. यात अर्धं-अर्धं कसं करणार? आधी पोरीचं ऐकून घ्या."

सरपंचबाई म्हणाल्या, "पण पोरगं आपलंच आहे ना, मॅडम!"

"मग पोरगी कोणाची आहे?"

सरपंचबाईंनी चहाचा कप तोंडाला लावला. रिकामाच होता!

तेव्हापासून मी सांगतो, कायदा पाहिजेच, आणि कडक पाहिजे. गावात त्रास देणाऱ्याला कोणी ना कोणी मामा-मावशी असतेच. पण तो कायदा चालवायलाही आम्हीच, त्याचं काय करावं ते मला समजत नाही.

*

मी शीलाच्या घरी गेलो. पौर्णिमा अंगणात विळा घेऊन बसली होती.

"शाळेत चाल," मी म्हणालो.

"तु... तुमी बसान काय वर्गात?"

"बसतो!" तोंडातून शब्द गेला.

सकाळी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. शेजारी पौर्णिमा. पुढच्या बाकावरच्या ओमने वळून मला पाहिलं आणि पुस्तकात तोंड घातलं. वर्गावर नव्या आलेल्या मॅडम ओळीने एकेकाला वाचायला लावत होत्या. त्यांची नजर पुस्तकात. "पुढचा... पुढचा..." पौर्णिमेच्या आधी माझाच नंबर आला.

"पुढचा!"

नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही. पौर्णिमेचं पुस्तक उचलून उभा राहिलो. पहिला शब्द निघाला. दुसऱ्यावर अडलो. पुन्हा सुरुवातीपासून धरलं, पुन्हा तिथेच अडलो. ओम हसला. मग सगळा वर्ग हसला. या गावात माझ्या तोंडावर कोणी हसत नाही! माझं बोट त्याच शब्दावर राहिलं.

शेजारी पौर्णिमा उठली.

"हा... हा... हासू नको रे ओम!"

मग ती माझ्याकडे वळली.

"वा... वाचा, आबाजी. आमाले घाई नाही."