साडूंचा टीव्ही

माझ्या थोरल्या साडूंच्या घरात आजवर एकही वस्तू निकामी झालेली नाही; निकामी झालो तो मी. सूतगिरणीतून निवृत्त होऊन ते जुळे सोलापुरात आमच्या मागच्या गल्लीत राहायला आले, आणि घरात आलेली वस्तू जिवंतपणी बाहेर जाऊ द्यायची नाही, हे व्रत सोबत घेऊन आले. त्यांच्या फ्रिजचं दार परकराच्या नाडीनं बांधलेलं असतं. छताचा पंखा नुसत्या बटणाला दाद देत नाही, त्याला काठीनं पहिला धक्का लागतो, आणि उन्हाळ्यात पाहुण्याच्या हातात पाण्याच्या तांब्याआधी ती काठी येते. इस्त्रीची मूठ मोडली तेव्हा त्यांनी तिला लाटण्याचा तुकडा बसवला. माझ्या बायकोला या दाजींचं फार कौतुक, कारण वायरी धरून उभं राहायला तिला कुणी बोलावत नाही. एकदा दमून मी म्हणालो, "साडूभाऊ, आता नवीन घ्या की." ते शांतपणे म्हणाले, "ही चालती की. मग काढायची कशापायी?"

त्या घरात सगळ्यात मान टीव्हीचा. मागं भलंमोठं पोट असलेला, दोन माणसांशिवाय न हलणारा. त्यांची लेक शुभा जर्मनीत असते. तिच्या मुलीचा पहिला वाढदिवस झाला, पण मोबाइलच्या टीचभर पडद्यावर आक्कांना, म्हणजे साडूंच्या बायकोला, नातीचं नाकसुद्धा धड दिसेना. म्हणून शुभानं वाढदिवसाचं चित्रण एका डिस्कवर भरलं आणि पुण्याला येणाऱ्या ओळखीच्या बाईंबरोबर, ती लावायच्या चपट्या यंत्रासकट, पाठवून दिलं. यंत्र नव्या जमान्याचं. त्याला पाठीमागं एकच चपटी खाच, आणि टीव्हीला पिवळं, पांढरं, लाल अशी तीन भोकं. एकानं कानडी बोलावं आणि दुसऱ्यानं जर्मन, तसा प्रकार.

माझ्या घरी मोठा नवा टीव्ही आहे, तिथं पाहू, असं मी सुचवलं. साडू म्हणाले, "आमची नात आमी दुसऱ्याच्या घरी जाऊन बघायची व्हय?"

मग भर उन्हात त्यांच्या स्कूटरवर मागं बसून नवी पेठ. चार दुकानं झाली. पाचव्या दुकानदारानं टीव्हीचा फोटो पाहिला आणि आदरानं विचारलं, "चाचा, ये अब्बी चलताय क्या?" साडूंची छाती फुगली. दुकानदारानं काडेपेटीएवढी एक डबी दिली. एका बाजूनं खाच, दुसऱ्या बाजूनं तीन भोकं. घरी येऊन मी टीव्हीमागच्या फटीत अंग घातलं. चित्र आलं, पण काळंपांढरं. साडूंना तेही चाललं असतं. मी डबीवरचं बारीक बटण सरकवलं तेव्हा रंग आले, आणि पडद्यावर नात दिसली. उंच, लांबोडकी, खारकेसारखी. शुभा तशीच, जावई तसाच, केकसुद्धा उभट. रुंद चित्र चौकोनी पडद्यात कोंबलं, की असंच होतं.

आक्का बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, शुभी वाळलीय. मी फटीतून बाहेर येऊन सगळं समजावून सांगितलं. साडूंनीही माझी बाजू घेतली. त्यांच्या टीव्हीत खोट आहे हे त्यांनी कबूल केलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. आक्कांनी दोघांचं ऐकून घेतलं.

"सगळीच बारीक दिसत्यात, ते कळतंय मला," त्या म्हणाल्या. "टेबलाचा पायबी बारीक दिसतोय. पर शुभी त्या सगळ्यांपेक्षा बारीक हाय. फोन लाव."

फोनवर शुभा आधी हसली. टीव्हीवरून बाबांची थट्टा केली. आक्का हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "जेवतीस का गं?" पलीकडून रडणं ऐकू आलं. कित्येक महिने तिला अन्न पचत नव्हतं, तपासण्या चालल्या होत्या. इथं घोर लागेल म्हणून फोनवर ती फक्त पोरीलाच पुढं करायची.

साडू उठून गॅलरीत गेले. आत आले ते पासपोर्टला काय लागतं हे विचारत. पुण्याच्या पुढं कधी न गेलेला तो माणूस, पण त्यानंतर त्यांनी मला कचेऱ्यांतून असा फिरवला की नवी पेठ बरी म्हणावी. दोघं गेली, जाताना ज्वारीचं पीठ, शेंगाचटणी आणि तवा घेऊन.

शुभाला आतड्याचा आजार निघाला. औषधं आणि पथ्य सुरू झालं. गव्हाला बंदी, ज्वारी चालते. तीन महिन्यांच्या व्हिसावर गेलेली माणसं लेकीच्या आजारपणापायी मुदत वाढवून घेऊन अजून तिकडंच आहेत. घराची किल्ली माझ्याकडं आहे. मी अधूनमधून जातो, खिडक्या उघडतो, झाडांना पाणी घालतो. परवा साडूंचा फोन आला. तिकडच्या घरात सगळं नवं आहे, काहीच बिघडत नाही, म्हणून ते जरा कंटाळलेले वाटले. शुभाचं विचारलं.

"काल तिनं मागून घेतली भाकरी," ते म्हणाले. "अर्धी."